ब्लॅकलेटर अक्षरांत नाव कसं मांडावं

‘द न्यूयॉर्क टाइम्स’चं नाव पहिल्या पानावर ज्या टोकदार, काळ्याभोर अक्षरांत छापतात, ती ब्लॅकलेटर शैली. रॉक बँडची पोस्टरं, बिअरची लेबलं, प्रमाणपत्रं, टॅटू अशा सगळ्यांवर ती दिसते. मजकुरासाठी मात्र ती घेऊ नका. दोन-तीन शब्दांचं नाव, एवढंच तिचं काम.

१. जात ठरवा. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्त्समध्ये बायबल छापलं ते टेक्स्टुरात: अरुंद, ताठ, गजांच्या कुंपणासारखी अक्षरं. प्रमाणपत्राला ती शोभतात. सोळाव्या शतकात जर्मनीत रुळलेल्या फ्राक्टुरमध्ये वळणं जास्त, पण तिचा कॅपिटल ‘ए’ आपल्याला ‘यू’ वाटतो. बऱ्याच जणांना ही नाझींची लिपी वाटते. प्रत्यक्षात जानेवारी १९४१मध्ये त्याच राजवटीने ती ‘ज्यू अक्षरं’ ठरवून बंद केली. तरीही तो संशय चिकटलेला आहे, म्हणून नाझी झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-काळ्या रंगसंगतीत ती वापरू नये. गूगल फाँट्सवर ‘उनिफ्राक्टुर मागुंटिया’, ‘पिराटा वन’ आणि ‘ग्रेंझे गोटिश’ फुकट मिळतात. पोस्टरसाठी मी ‘पिराटा वन’ घेईन. त्यातली अक्षरं साधी आहेत, पटकन वाचता येतात.

२. सगळी कॅपिटल्स टाळा. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल. या शैलीतली कॅपिटल्स एकेकटी मिरवायला घडवलेली असतात. ती रांगेत उभी केली की नुसती नक्षी उरते, शब्द हरवतो.

३. शब्द वाचून घ्या. रोमन लिपीत ‘मुंबई’ टेक्स्टुरात टाइप करून बघा. ‘यू’च्या दोन दांड्या, लगेच ‘एम’च्या तीन, सगळ्या सारख्याच जाडीच्या. मध्ययुगातल्या लेखनिकांनाही हा त्रास होता. ‘आय’च्या डोक्यावरची खूण शेजारच्या दांड्यांतून तो ओळखू यावा म्हणूनच आली. तेव्हा ज्याला नाव माहीत नाही अशा कुणाला तरी वाचायला द्या. अडखळला तर फाँट बदला. आकार वाढवून उपयोग होत नाही.

४. अंतर आवळा. अक्षराच्या आतली पोकळी आणि दोन अक्षरांमधली फट जवळपास सारखी दिसली पाहिजे. त्यामुळे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची सेटिंग, शून्य किंवा किंचित उणे. अक्षरं ऐसपैस पसरली की ही शैली दात पडल्यासारखी दिसते.

५. देवनागरीची जोडी लावा. या फाँटांत देवनागरी नसते. मराठी टाइप केलंत तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फाँट घुसवतं, म्हणून तो आधीच निवडा. शिरोरेषेला काटे लावून ‘गॉथिक’ मराठी करायचा मोह होतो, पण शिरोरेषा आणि काटे दोन्ही लक्ष मागतात आणि नाव बाजूलाच राहतं. त्यापेक्षा ‘मुक्ता’सारखा साधा फाँट घ्या आणि त्याची दांडी ब्लॅकलेटरच्या दांडीपेक्षा थोडी बारीक ठेवा. तारीख, स्थळ, तिकीट हे सगळं याच साध्या अक्षरांत.

६. छापण्याआधी. अक्षरांना जोडणाऱ्या केसाएवढ्या रेघा टी-शर्टवर किंवा छोट्या लेबलवर गायब होतात, नाहीतर शाईने बुजतात. मूळ आकारात एक प्रिंट काढा. रेघा तुटत असतील तर अक्षरांना बाहेरून अगदी बारीक स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, द्या, आणि छापखान्यात फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचं टाइप न राहता आकारांत रूपांतर करून द्या. तिथल्या संगणकावर हा फाँट बहुधा नसतो.