बागेच्या जमिनीवर प्रोजेक्ट टाकताय? पाण्यातलं नायट्रेट तपासताना या चुका टाळा

नाशिकच्या आजूबाजूला मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, तिकडे दिंडोरी रोडने पुढे, सगळीकडे तेच चाललंय. द्राक्षबाग मोडायची, जमीन एनए (बिगरशेती) करायची, रो-हाऊस टाकायचे आणि पालिकेची लाईन येईपर्यंत पाणी बोअरचं. बागेत वर्षानुवर्षं खत पडलेलं, म्हणून त्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट बघायला कोणीतरी एक बाटली भरून लॅबला देतं, रिपोर्टवर ११ येतं, मर्यादा ४५ आहे म्हणजे झालं पास.

थांबा, ११ म्हणजे काय ते आधी बघा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा 'नायट्रेट' म्हणून आहे आणि काही लॅब आकडा 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून देतात, त्याला ४.४३ ने गुणायचं. ११ चे होतात जवळपास ४९, म्हणजे नापास! दोन लॅबचे रिपोर्ट चौपट-साडेचौपट वेगळे आले तर भांडण्याआधी हेच तपासा.

सॅम्पल गच्चीवरच्या टाकीतून किंवा मोटर चालू केल्या केल्या घेऊ नका, बोअरमध्ये साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) असेल तर आकडा स्थिर झाल्यावर भरा. बाटली स्वच्छ प्लॅस्टिकची, बर्फात, आणि ४८ तासांच्या आत लॅबमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी भरून सोमवारी दुपारी दिली तर त्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता मोठी चूक, एकाच बोअरवर सगळ्या प्लॉटचा निकाल लावणं. आपल्याकडे बेसॉल्ट, वर माती, मग मुरूम, खाली कातळ आणि पाणी त्यातल्या फटींतून फिरतं, त्यामुळे शंभर फुटांवरच्या दोन बोअरचं पाणीसुद्धा वेगळं निघू शकतं. खतातलं नायट्रेट आधी वरच्या मुरमातल्या पाण्यात येतं, म्हणून जुनी विहीर असेल तर ती सोडूच नका, आणि चढाकडच्या शेजाऱ्याची विहीरपण तपासा, नाहीतर आपल्या जमिनीतलं किती आणि वरून आलेलं किती हे कळणारच नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, किती फूट आहे तेही विचारा. कमी असेल तर वरचं पाणी सरळ बोअरमध्ये उतरतं आणि खोल बोअर म्हणजे चांगलं पाणी ही समजूत तिथेच संपते.

बोअरच्या तोंडाशी जाऊन एकदा स्वतः बघा. ड्रिपची व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढून घेणारी जोडणी) किंवा खताची टाकी त्याच लाईनला जोडलेली असते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसला तर लाईट गेली की खताचं पाणी उलटं बोअरमध्ये जातं. असं बोअर असेल तर तिथला आकडा त्या बोअरचा, प्लॉटचा नाही.

वेळ पण महत्त्वाची. फक्त मेमध्ये घेतलेलं सॅम्पल अर्धीच गोष्ट सांगतं, पावसाने मुरमातलं नायट्रेट खाली ढकलल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दुसरं घ्याच.

आणि दरवेळी युरियालाच शिव्या देऊ नका. नायट्रेटबरोबर क्लोराईड आणि ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) तपासा. द्राक्षवाले क्लोराईडमुळे सहसा एमओपी (क्लोराईड असलेलं पोटॅश खत) टाळतात, त्यामुळे नायट्रेटसोबत क्लोराईडही चढलेलं असेल तर आधी गोठा, उकिरडा, शेजारच्या वस्तीचा शोषखड्डा शोधा. हा पुरावा नाही, पण दिशा मिळते. ई-कोलाय नाही आलं म्हणून सांडपाणी नाही असंही नसतं, जिवाणू वाटेत मरतात, नायट्रेट मरत नाही.

बाग काढली की पाणी आपोआप सुधारेल असं बिल्डर सांगतात. जमिनीत साठलेलं नायट्रेट पुढची काही वर्षं झिरपतच राहतं, वर घरांचे शोषखड्डे त्यात भर घालतात. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) बसवला तरी साध्या एअरेशनमध्ये, म्हणजे नुसती हवा सोडून, अमोनियाचं नायट्रेटच होतं, डिनायट्रिफिकेशनची, म्हणजे ते नायट्रेट काढून टाकायची, सोय आहे का हे ड्रॉइंग बघतानाच विचारा.

पाणी नापास निघालं तर उकळून, तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून किंवा यूव्हीने नायट्रेट जात नाही, उकळल्यावर तर ते उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर अशा पाण्यात कालवायची नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. आरओने नायट्रेट कमी होतं, पण रिजेक्टमध्ये (आरओने बाहेर टाकलेल्या पाण्यात) ते आणखी दाट झालेलं असतं, आणि ती नळी रिचार्ज पिटात (पावसाचं पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यात) सोडली तर तेच पाणी परत तुमच्याच बोअरला.