जेम्स स्टुअर्टचे सिनेमे कसे बघावेत : आधी हात बघा, मग चेहरा

परवा मावसभावाचा मेसेज आला, जुन्या हॉलीवूडचा एकच हिरो नीट बघायचा ठरवलाय, कुणापासून सुरू करू? मी लगेच लिहिलं, जेम्स स्टुअर्ट. त्यावर तो म्हणाला की अरे तो तर कायम सज्जन, लाजरा, अडखळत बोलणाराच असतो ना. इथेच लोकांची गल्लत होते आणि त्यात चूक त्यांची नसते, सिनेमे बघायचा क्रम चुकलेला असतो. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. पहिल्याच रात्री 'व्हर्टिगो' लावू नका. २०१२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षकांनी निवडलेल्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत तो पहिला आला तेव्हापासून जो तो तिथूनच सुरुवात करतो, आणि मग अर्ध्यात म्हणतो की हा माणूस इतका विचित्र का वागतोय. त्या विचित्रपणाचा धक्का बसायला आधी हा माणूस तुमचा लाडका झालेला असावा लागतो.

पायरी १ : टोपीवाला सीन शोधा. 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', १९३९, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. शेवटचं ते तासन्‌तास चाललेलं भाषण, बसलेला घसा, ते सगळं भारी आहेच, पण त्याच्या आधी एक छोटा सीन आहे. स्टुअर्ट एका देखण्या मुलीशी बोलत असतो आणि कॅमेरा त्याच्या तोंडाकडे बघतच नाही, खाली हातातल्या टोपीकडे बघतो. टोपी पडते, तो उचलतो, परत पडते. चेहरा न दाखवता माणूस किती गोंधळलाय ते कळतं. हा सीन दोनदा बघा, कारण पुढे सगळीकडे आपण त्याच्या हातांवरच लक्ष ठेवणार आहोत.

सबटायटल जरूर लावा, बोलणं ओढत ओढत असतं. पण त्याचं ते अडखळणं, वाक्य मधेच सोडून परत उचलणं सबटायटलमध्ये येत नाही, म्हणून महत्त्वाचा सीन एकदा सबटायटल बंद करून नुसता ऐकाच.

पायरी २ : 'द शॉप अराउंड द कॉर्नर', १९४०. बुडापेस्टमधलं चामड्याच्या वस्तूंचं दुकान, आणि हा तिथला मुख्य सेल्समन. मालक गैरसमजातून त्याला कामावरून काढतो. आपल्याकडचा हिरो असता तर केवढा डायलॉग मारला असता, पण हा आवाज चढवतच नाही, बाहेर येऊन सहकाऱ्यांचा निरोप घेतो, बस. माझ्या आईला इंग्लिश फारसं येत नाही, तरी या सीनला ती हळूच म्हणाली, "बिचाऱ्याची नोकरी गेली वाटतं." त्याच वर्षीच्या 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी त्याला ऑस्कर मिळालं आणि ते कित्येक वर्षं पेनसिल्व्हेनियात त्याच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवलेलं होतं. तो सिनेमा मजेचा आहे, वेळ असेल तर बघा, नाहीतर पुढे चला.

पायरी ३ : मधली पाच वर्षं लक्षात ठेवा. १९४१ मध्ये तो सैन्यात गेला. बी-२४ बॉम्बर विमानं चालवली, युरोपवर २० मोहिमा केल्या आणि कर्नल होऊन परत आला. आल्यावरचा पहिला सिनेमा 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६. लोक हा ख्रिसमसचा गोड सिनेमा म्हणून बघतात, पण मला त्यातला घरचा सीन बघताना अजून पोटात गोळा येतो. पैसे हरवलेत, मुलं भोवती कलकल करतायत, आणि हा बापमाणूस त्यांच्यावर खेकसतो, कोपऱ्यातल्या टेबलावरचं पुलाचं मॉडेल लाथाडतो आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून स्वतःच घाबरतो. त्यानंतर बारमधली प्रार्थना, जुळवलेले हात, ते थरथरतायत. तिथे चित्र जरा भरड दिसलं तर तुमची कॉपी खराब नाहीये, काप्राने तो शॉट जवळून घेतलाच नव्हता, नंतर लॅबमध्ये मोठा करून घेतला. रंग चढवलेली कॉपीही मिळते ती घेऊ नका, कृष्णधवलच बघा.

पायरी ४ : दिग्दर्शक अँथनी मान यांचे वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे काउबॉय सिनेमे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळा बदल इथेच दिसतो. मान आणि स्टुअर्ट यांनी मिळून ८ सिनेमे केले, त्यातले ५ वेस्टर्न. 'विंचेस्टर ७३' (१९५०) मध्ये तो एका गुंडाचा हात पिरगाळून त्याचं डोकं बारच्या काउंटरवर दाबून धरतो, तेव्हा त्याचे डोळे बघा, तिथे स्मिथसाहेब कुठेच नाहीत. 'द नेकेड स्पर' (१९५३) मध्ये तो ५००० डॉलरच्या बक्षिसासाठी एका माणसाला पकडून डोंगरातून नेतोय, म्हणजे हिरो माणूस विकायला निघालाय! आणि 'द मॅन फ्रॉम लॅरमी' (१९५५) मध्ये काही जण त्याला धरतात आणि अगदी जवळून त्याच्या तळहातात गोळी घालतात. ज्या हातात टोपी टिकत नव्हती तोच हा हात. दुखणं आणि अपमान दोन्ही एका चेहऱ्यावर असं मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलं नाही.

पायरी ५ : आता दिग्दर्शक हिचकॉक. दोघांचे मिळून चार सिनेमे आहेत, पण आधी 'रिअर विंडो' (१९५४). पाय प्लास्टरमध्ये, माणूस चाकाच्या खुर्चीत, म्हणजे त्या लांबच लांब देहाचं सगळं चालणं-फिरणं बंद, उरला चेहरा आणि प्लास्टरच्या आत काठी घालून खाजवणारा हात. शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावणं चांगलं नाही हे कळत असूनही आपण त्याच्याबरोबर डोकावत बसतो, कारण तो आपला माणूस वाटतो.

चार-पाच दिवस जाऊ द्या, मग 'व्हर्टिगो' (१९५८). गोष्ट सांगत नाही. एवढंच बघा की कपड्यांच्या दुकानात तो त्या मुलीसाठी एक करड्या रंगाचा सूट मागतो, अगदी तसाच हवा, दुसरा नको, मग केसांचा रंग, मग केस बांधायची पद्धत. ती रडकुंडीला येते. आणि हा तेच अडखळणं, तोच मऊ आवाज, तीच विनवणी वापरतो, ज्यावर आपण १९३९ पासून जीव टाकत आलोय. म्हणून म्हटलं क्रम महत्त्वाचा. त्या रात्री लगेच दुसरं काही लावू नका.

पायरी ६ : दुसऱ्या दिवशी 'हार्वे' (१९५०) लावा, त्याच्या शेजारी सहा फुटांहून उंच अदृश्य ससा आहे आणि तो त्याच्याकडे इतक्या आपुलकीने मान वर करून बघतो की दहा मिनिटांत आपणही रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागतो.

शेवटी 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' (१९५९), २ तास ४० मिनिटं, निवांत रविवारी. मासेमारीच्या नादातला वकील, घरचा फ्रिज माशांनी भरलेला. जज्जचं काम जोसेफ वेल्च यांनी केलंय, जे खरोखरचे नामांकित वकील होते. कोर्टात स्टुअर्ट एकदम भडकतो, ओरडतो, जज्ज झापतात की लगेच गरीब गाय होऊन माफी मागतो. म्हणजे हा नट अशा वकिलाचं काम करतोय जो स्वतः ज्युरीसमोर नाटक करतोय. कागद-पेन घेऊन बसा आणि तो खरा किती वेळा चिडला, खोटा किती वेळा, ते मोजा. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.