पॉलिमर क्लेचे दागिने: या चुका टाळा, आणि आधी ओव्हनकडे बघा

"ताई, क्लेच खराब निघाली, कानातले दोन दिवसांत तुटले." असा मेसेज आला की मी एकच विचारते, ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवला होतास का? उत्तर ठरलेलं, "नाही, पण डायल १३० वर होतं."

डायलवर भरवसा ठेवू नका. ही क्ले वाळत नाही, शिजते. ती पीव्हीसीची असते, तिला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर घातलेला असतो, आणि नीट ताप मिळाला तरच तिचे कण एकजीव होतात. ताप कमी पडला तर वरून कडक दिसते पण आतून बिस्किटासारखी राहते.

मला हे महागात पडून कळलंय. तीन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या आधी ४० जोड मोराच्या कानातल्यांची ऑर्डर होती, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) नवीन, डायल १३० वर, आणि जळतील या धास्तीने मी १५ मिनिटांतच ट्रे बाहेर काढला. दिसायला इतके सुंदर झाले होते की मी लगेच पॅक करून दिले. चौथ्या दिवशी फोन आला, नऊ जोडांच्या माना तुटल्या. घरी शिल्लक असलेला एक मोर मी बोटात धरून जरासा वाकवला तर कट्कन दोन तुकडे, आणि तुटलेली कड खडूसारखी भुरभुरीत. पातळ क्ले नीट शिजली असेल तर थोडी वाकते, अशी तुटत नाही. मग ओव्हन थर्मामीटर आणून आत ठेवला, डायल १३० आणि आत जेमतेम १०५! उरलेले ३१ जोड परत मागवून बरोबर तापमानाला पुन्हा अर्धा तास भाजले आणि ते चांगले टिकले, क्ले परत भाजता येते हे लक्षात ठेवा. नऊ जोड मात्र रात्रभर बसून नव्याने केले. परत भाजता येते म्हणूनच भाजताना मध्येच लाईट गेली तरी घाबरू नका, आली की परत लावा आणि पूर्ण वेळ द्या.

पाकीट वाचा. फिमो ब्रँडच्या क्लेला ११० डिग्री, ३० मिनिटं. स्कल्पी प्रीमो ब्रँडला १३० डिग्री, दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं. "१८० वर टाका, दहा मिनिटांत तयार" असं रीलमध्ये बघून करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण क्ले जळली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि घरात लहान मुलं असतात. असं झालंच तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि सगळ्यांनी खोलीबाहेर. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही.

ओटीजीचे रॉड उघडे असतात, त्यामुळे पांढरा रंग पिवळा पडतो. मी टाइलवर साधा कागद घालते, त्यावर दागिने आणि वरून फॉइलचा ट्रे उलटा झाकते.

न मळता लाटायला घेऊ नका, कडा चिरतात. कणीक तिंबतो तशी मळा, हाताला ऊबदार आणि लवचीक लागेपर्यंत.

मळताना रंगांचा क्रम पाळा, आधी पांढरा, मग पिवळा, काळा आणि लाल शेवटी. मध्ये बेबी वाइप्सने हात पुसा.

नेलपॉलिश लावून चकाकी आणणं, ही दुसरी चूक मला फार खुपते. लावल्यावर मस्त दिसतं, पण त्यातलं सॉल्व्हंट क्लेला लागतं आणि काही दिवसांनी दागिना चिकट होतो, धूळ बसते, आणि तो चिकटपणा काही केल्या जात नाही. माझ्या क्लासमधल्या एका मुलीने आईसाठी पहिलं पेंडंट केलं होतं, महिनाभराने त्याच्यावर ओढणीचे धागे रुतून बसलेले पाहून ती रडवेली झाली. चकाकी हवी तर आधी ओल्या सँडपेपरने घासा, ४०० नंबरपासून १००० नंबरपर्यंत, मग जीन्सच्या कापडाने चोळा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

पुण्यात रविवार पेठेतून क्ले घेतली आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून तासभर फिरलात, तर ती डिकीतच अर्धवट कडक व्हायला लागते. पर्समध्ये घ्या, घरी आल्यावर कपाटात ठेवा.

आणि कानातल्याची पोस्ट (कानात जाणारी चकतीवाली काडी) नुसत्या फेविक्विकने चिकटवू नका, काही दिवसांनी निघते. पोस्टच्या चकतीवर क्लेची पातळ चकती दाबायची, मध्ये लिक्विड क्लेचा (पातळ, ओतता येणाऱ्या क्लेचा) थेंब, आणि परत भाजायचं.