अँगल ऑफ अटॅक इंडिकेटर कॅलिब्रेट करायच्या आधीची तयारी

अँगल ऑफ अटॅक इंडिकेटर म्हणजे विमानाचा पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतोय ते दाखवणारं यंत्र. कॅलिब्रेट करायचं म्हणजे हवेत ठरलेल्या वेगांवर बटण दाबून त्याला खुणा लावून द्यायच्या. या कामात वेळ खातो तो कागद, त्यामुळे सुरुवात आदल्या संध्याकाळी टेबलापाशी बसून करा. विमानाच्या हँडबुकात स्टॉलच्या, म्हणजे कोन फार वाढून पंखाची उचल तुटते तेव्हाच्या, वेगांचं कोष्टक काढा. त्यात बहुधा दोन आकडे शेजारी-शेजारी असतात: वेगदर्शकाच्या काट्यावर दिसणारा इंडिकेटेड वेग आणि काट्याची चूक सुधारून दिलेला कॅलिब्रेटेड वेग. नाक वर असताना बऱ्याच छोट्या विमानांत काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि नेमकी इथेच माणसं फसतात. समजा, स्टॉल काट्यावर ४२ नॉटला दिसतो, पण कॅलिब्रेटेड आकडा ५० आहे. उतरायला येतानाचा, म्हणजे अप्रोचचा वेग स्टॉलच्या १.३ पट धरतात. ४२ ला १.३ ने गुणलंत तर साडेचोपन्न येतात, ५० ला गुणलंत तर ६५. अप्रोचची खूण दहा नॉट खाली बसली, की यंत्र तुम्हाला रोज स्टॉलच्या अंगावर नेणार आणि वर हिरवा दिवाही दाखवणार. म्हणून गुणाकार कॅलिब्रेटेड आकड्याचा करायचा, आलेलं उत्तर कोष्टकातून परत इंडिकेटेडमध्ये आणायचं, आणि तेच मांडीवरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं.

त्याच कागदावर उद्याचं वजनही लिहा. स्टॉलचा कोन वजनाने बदलत नाही, त्यासाठीच तर हे यंत्र बसवायचं. पण आपण खूण लावतो ती वेग पाहून, त्यामुळे वजन चुकलं की कोनही चुकला. कोष्टक सहसा कमाल वजनाचं असतं आणि वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे उतरतो. म्हणजे विमान दहा टक्के हलकं असेल तर वेग साधारण पाच टक्के कमी धरा. इंधन किती भरायचं तेही आदल्या दिवशीच ठरवलं, तर सकाळी पुन्हा आकडेमोड करावी लागत नाही.

यंत्राचं मॅन्युअल पूर्ण वाचा. कुठल्या खुणा कुठल्या क्रमाने मागतं, बटण एकदा दाबायचं की धरून ठेवायचं, फ्लॅपसाठी (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या झडपांसाठी) वेगळी नोंद घेतं की नाही, हे हवेत शोधत बसू नका. फ्लॅप खाली घेतले की स्टॉलचा कोन बदलतो. एकच नोंद ठेवणारं यंत्र असेल, तर ती कुठल्या फ्लॅपला करायची ते मॅन्युअल सांगेल तसंच.

सकाळी प्रोबजवळ, म्हणजे यंत्राला हवेचा कोन कळवणाऱ्या बाहेरच्या दांडीजवळ, जाऊन गुडघ्यावर बसा. भोकं टॉर्च मारून पाहा. कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात, आणि मातीची एवढीशी गोळी सगळी मेहनत पाण्यात घालते. पाऊस होऊन गेला असेल तर नळीत थेंब अडकलाय का तेही बघा. तोंडाने फुंकू नका. नळी यंत्राला जोडलेली असताना फुंकलं तर आतला सेन्सर जाऊ शकतो. प्रोब हाताने हलतोय का पाहा, सैल नको. शून्य लावायचं ते वारा पडलेला असताना, किंवा प्रोबवर कव्हर घालून. मी एकदा कव्हर घालून शून्य लावलं आणि ते तसंच ठेवून विमान धावपट्टीकडे न्यायला निघालो होतो. तेव्हापासून लाल फीत नसलेलं कव्हर मी वापरत नाही.

हवा शांत हवी. थर्मलचे, म्हणजे वर उसळणाऱ्या गरम हवेचे, धक्के बसत असतील तर परत फिरा, कारण एका झटक्यात कोन दोन-तीन अंशांनी उडतो आणि यंत्र तोच खरा मानून बसतं. सोबत दुसरा पायलट घ्या: एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने बटणं. उंची अशी घ्या, की स्टॉलमधून सावरल्यावरही जमिनीपासून निदान ३,००० फूट उरतील. सुटं सामान बांधा, पट्टे आवळा, आणि दोन्हीकडे वळून खाली-वर रहदारी पाहून घ्या.

मग पंख सपाट, बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी गोटी) मधोमध, उंची स्थिर. बॉल जरा सरकला तरी प्रोबवर हवा बाजूने येते. वेग सेकंदाला एक नॉट या चालीने उतरवा, ठरलेल्या आकड्यावर दहा सेकंद धरा आणि मगच बटण. कागदावरचा स्टॉलचा आकडा आणि प्रत्यक्ष स्टॉल जुळत नसतील, तर आधी कागदातली चूक शोधा.

शेवटी विमान ४५ अंश कलवून, उंची न बदलता वळण घ्या. तिथे स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के चढतो, त्यामुळे इशाराही त्या मानाने जास्त वेगावर यायला हवा. आला, तर उतरून सगळे आकडे आणि त्या दिवशीचं वजन लॉगबुकात लिहून ठेवा. पुढे कधी प्रोब काढून बसवला तर हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.