वीस मिनिटांची सुट्टी आणि वडापाव: शाळेतलं खाणं बदलायची मोहीम कशी चालवावी

सर्वात आधी एक करा: पत्र लिहू नका.

मी लिहिलं होतं. दोन पानी, कायद्याच्या दाखल्यांसकट, मुख्याध्यापिकांच्या नावे. 'योग्य ती दखल घेण्यात येईल' असं उत्तर आलं आणि कॅन्टीनमधली चिप्सच्या पाकिटांची माळ होती तिथेच लटकत राहिली. मग कधीतरी लेकीचं ओळखपत्र आणायला गेले आणि नेमकी मधली सुट्टी झाली. घंटा वाजली तसे खिडकीच्या गजांमधून पंधरा-वीस हात एकदम आत, प्रत्येक हातात नोट. कॅन्टीनवाले काका मान वर न करता पाव फाडत होते. चटणी, वडा, पुढचा पाव. शेजारी उपम्याचं पातेलं झाकलेलं. एका पोराने उपमा मागितला, तर ताटली, चमचा, वरची शेव आणि सुटे पैसे होईपर्यंत मागचे सहाजण ओरडायला लागले. सुट्टी वीस मिनिटांची, त्यात नळावर हात धुवायचे, खेळायचं. वडापाव पटकन मिळतो, एका हातात मावतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. चव हे त्यानंतरचं कारण.

पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्या खिडकीपाशी कळलेलं आहे.

आठवडाभर नुसतं बघा

शाळेची परवानगी घ्या आणि सहा दिवस मधल्या सुट्टीत एकेका पालकाने उभं राहायचं. हातात वही, मोबाइल खिशात; मुलांचे फोटो काढायचे नाहीत, त्यावरूनच पहिलं भांडण होतं. लिहायचं एवढंच: काय विकलं जातं, कितीला, आधी काय संपतं, उरतं काय. फाटकाबाहेर कोणाच्या गाड्या असतात. आणि डब्यात काय येतं. हे शेवटचं बघताना आपलीच तोंडं पडतात, कारण निम्म्या डब्यांत जॅम-ब्रेड आणि दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स आपणच दिलेल्या असतात. मीही देत होते.

तेलाकडे नीट बघा. काळपट, घट्ट, फेस धरणारं तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असतं. तळणीच्या तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, असा नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसणार, पण 'तेल किती दिवसांनी बदलता, काका?' हा प्रश्न पुरतो. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही वहीत लिहा. वडापाव वर्तमानपत्रात गुंडाळून मिळत असेल तर तेही. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच (एफएसएसएआय) ते करू नका असं सांगितलेलं आहे.

कायदा खिशात असू द्या, हातात नको

शाळांमधल्या सुरक्षित अन्नाचे आणि संतुलित आहाराचे एफएसएसएआयचे विनियम २०२० मध्ये अधिसूचित झाले, १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. त्यानुसार साखर, मीठ, सॅच्युरेटेड किंवा ट्रान्स फॅट जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही करता येत नाही. म्हणजे स्नेहसंमेलनाच्या कमानीवर थंड पेयाचं नाव झळकत असेल तर तेही नियमाबाहेर. कॅन्टीनवाल्याकडे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवा. त्यावरचा १४ आकडी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे. आपल्या राज्याने तर त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड काढायचा शासन निर्णय काढला होता. सीबीएसईच्या शाळांना मे २०२५ मध्ये 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं गेलं: कोणत्या पदार्थात किती साखर आहे ते मुलांना दिसेल असा फलक. तुमची शाळा सीबीएसईची असेल तर तुमचं अर्धं काम त्या परिपत्रकानेच केलंय.

यातलं काहीही पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. नियम माहीत आहे हे समोरच्याला कळलं की झालं.

कोणाच्या खुर्चीतून बोलायचं

एकटी आई म्हणजे 'त्या जरा जास्तच बोलतात', आणि समिती म्हणजे समिती. मनपाच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. २०११ च्या शुल्क कायद्यानुसार त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. ती फीसाठी आहे हे खरं, पण पालक आणि संस्था एका टेबलाशी बसतात ते तिथेच. जूनमध्ये नाव द्या. चिठ्ठी तुमची निघाली नाही तर जिची निघाली तिच्याशी मैत्री करा.

आणखी दोन माणसं जोडा: पालकांमधला एखादा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ आणि आठवी-नववीतली तीन-चार मुलं. मुलं नसतील तर मोहीम फसते. आमच्या बैठकीत एक नववीतली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही काय बंद करणार ते आम्हाला माहितीये. चालू काय करणार ते सांगा ना."

व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काही ठरवू नका. तिथे रात्री साडेदहाला कोणीतरी 'आमच्या वेळी आम्ही सगळं खायचो' लिहितं आणि मग सकाळपर्यंत गूळ विरुद्ध साखर चालतं. (गूळसुद्धा साखरच आहे. चिक्की राजगिऱ्याची असो की शेंगदाण्याची, तिचा पाक मोजावाच लागतो.)

साखर दाखवा, सांगू नका

पालकसभेत भाषण देऊ नका. एक काचेचा पेला, साखरेचा डबा आणि चहाचा चमचा घेऊन जा. शाळेबाहेर मिळणारा आंब्याच्या पेयाचा डबा सगळ्यांना दाखवा आणि एखाद्या मुलाला लेबल मोठ्याने वाचायला लावा. लेबलवर १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २०० मिलिलिटरच्या डब्यात २६ ग्रॅम झाली. चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावते. म्हणजे साडेसहा चमचे. ते एकेक करून पेल्यात टाका. चौथ्या चमच्याला कुजबुज थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. मोठ्या माणसाला हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. पोराचा पूर्ण दिवस त्या एका डब्यात संपला.

लेबल वाचताना एक डाव ओळखा: पुढच्या बाजूला आकडे 'एका सर्व्हिंगचे' असतात आणि पाकिटात सर्व्हिंग अडीच. मीठ किती ते काढायला सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा (हे अडीच सर्व्हिंगचे नव्हेत, सोडियमवरून मीठ काढायचा हिशेब आहे).

कॅन्टीनवाल्या काकांचा हिशेब

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक मोहिमा इथेच मरतात. काकांना खलनायक करून चालत नाही. ते शाळेला भाडं देतात. चिप्सचं पाकीट आज नाही विकलं तर उद्या विकतं, थंड पेय महिनाभर टिकतं. उसळ दुपारी दोनला आंबते. आमचे काका स्वच्छ म्हणाले, "ताई, मी केली होती मटकी. पातेलं भरलेलंच घरी नेलं. तीन दिवस आम्ही तेच खाल्लं."

म्हणून मागणी अशी करा की त्यांचं उरणार नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिल्या तासाला मॉनिटरने वर्गातली कुपनं गोळा करायची, त्यामुळे किती करायचं ते सकाळीच कळतं. दुसरं, खिडक्या दोन: एकीवर फक्त आधीच भरून ठेवलेलं. मटकीची उसळ कागदी द्रोणात, वर कांदा-लिंबू, अप्पे चार-चार, टूथपिक टोचून, केळं, ताक. चमचा-ताटलीचा पदार्थ मधल्या सुट्टीत हरतो, हे त्या उपम्याने शिकवलं होतं. तिसरं, शाळेने पहिल्या सत्रापुरतं भाडं कमी करायचं. हे पटवायला सर्वात जास्त वेळ गेला.

मटकी किफायतशीर पडते, कारण मोड आल्यावर ती वजनाने दुपटीच्या वर जाते. अप्प्यांना इडलीचंच पीठ, त्यात किसलेलं गाजर नाहीतर पालक. तेल पात्राला पुसण्यापुरतं. थालीपीठ मात्र आमच्याकडे चाललं नाही. गार झालं की चिवट होतं आणि मुलं त्याची तबकडी करून फेकतात.

काढायचं कोणत्या क्रमाने? माझं मत: आधी थंड पेयं आणि पाकिटं, मग क्रीम रोल आणि पॅटिस, वडा सगळ्यात शेवटी. नियमाच्या भाषेत तळलेला वडाही बसत नाही, हे मला माहीत आहे. पण पुण्यातल्या शाळेत पहिल्याच दिवशी वड्यावर हात घातलात तर शिक्षकसुद्धा तुमच्या विरोधात जातील, कारण स्टाफरूममध्ये तोच जातो.

ठेक्याचं नूतनीकरण होतं तेव्हा, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, करारात पदार्थांची यादी जोडून घ्या. वर्षाच्या मध्यात दिलेला शब्द दिवाळीच्या सुट्टीनंतर कोणालाच आठवत नाही. आता पत्र लिहायची वेळ आली. एक पान, एक मागणी, एक तारीख: 'येत्या करारात सोबतची यादी जोडावी, १५ जूनपासून दुसरी खिडकी सुरू करावी, पहिला महिना रोज एक पालक मदतीला येईल.' शेवटचं वाक्य विसरू नका, होकार त्यावरच मिळतो.

मनपाची किंवा अनुदानित शाळा असेल तर

पहिली ते आठवीला शालेय पोषण आहार असतो, त्यामुळे प्रश्न कॅन्टीनचा नसून ताटाचा आहे. ठरलेलं प्रमाण असं: पाचवीपर्यंत ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. वाढण्याआधी शिक्षकाने आणि शक्यतो पालकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं. ती वही मागा. शाळेत रोजची चव घ्यायला आई येते म्हटल्यावर डाळ दाट होते, हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येत असेल तर डबा किती वाजता भरला, किती वाजता उघडला, हे विचारा.

अंड्यावर मोहीम पणाला लावू नका. राज्याने २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. मागणी जरूर करा, पण वेगळ्या कागदावर.

पाणी, संडास, खेळाचा तास

'मुली पाणी पीत नाहीत' अशी तक्रार शिक्षिका करतात. मुलींना विचारा. संडासाला कडी नाही, म्हणून त्या सकाळपासून घोट घोट पितात. त्या कडीला किती पैसे लागतात? सगळ्यांनी पाणी प्यावं म्हणून वाजवायची पाण्याची घंटा २०१९ मध्ये केरळमधल्या काही शाळांत सुरू झाली, आपणही वाजवू शकतो. पण आधी कडी. टाकी कधी धुतली त्याची तारीख टाकीवरच रंगवून घ्या. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हापासून या मुद्द्यावर पुण्यातली एकही शाळा वाद घालत नाही.

लोहाच्या गोळ्या आठवड्याला एक असतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के ॲनिमिक आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. गोळी चहाबरोबर आणि उपाशीपोटी नको, एवढं पालकांना कळलं तरी पोटदुखीच्या तक्रारी आणि कचऱ्यात सापडणाऱ्या गोळ्या कमी होतात.

पीटीचा तास गणिताला देऊ नये, हे वेळापत्रकात लिहून घ्या. वजनं घेतली तर वर्गात वाचून दाखवायची नाहीत. 'जाड्या' हे नाव एकदा चिकटलं की दहावीपर्यंत सुटत नाही.

वाढदिवसाचं चॉकलेट बंद करायला कोणताही कायदा लागत नाही. वर्गाच्या पेटीत एक गोष्टीचं पुस्तक, पहिल्या पानावर मुलाचं नाव.

नाही म्हणाले तर

महिनाभर थांबा, आठवण करा, पोच घ्या. मग शिक्षणाधिकारी. स्वच्छतेचा किंवा परवान्याचा प्रश्न असेल तर अन्न व औषध प्रशासन, किंवा एफएसएसएआयचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲप. तक्रार पाच पालकांच्या सह्यांनी करा, नाहीतर तुमच्याच मुलाला वर्गात ऐकून घ्यावं लागतं.

फाटकाबाहेरच्या गाड्यांवर अतिक्रमणवाले बोलावण्याआधी स्वतः जाऊन बोला. त्यांचीही पोरं कुठल्यातरी शाळेत असतात. पेरूवाल्या मावशींना आम्ही फाटकाजवळ यायला सांगितलं, त्या खूश. बर्फगोळेवाल्याला ५० मीटरचा नियम समजावला. त्याने मान डोलावली, दुसऱ्या दिवशी कुठूनतरी टेप आणली आणि माझ्यासमोर मोजून गाडी बावन्न मीटरवर लावली. अजून तिथेच असते. लेक आठवड्यातून एकदा जाते. मीही एकदा खाल्ला, कालाखट्टा.