जुनी वेब्ली घेताय? चालवताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत गन शोला गेलात तर एखाद्या टेबलावर वेब्ली मार्क ६, म्हणजे जुनं ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर, दिसतेच. सहा इंची नळी, मधून मोडून उघडणारी, हातात घेतली की लोखंडाचा गोळाच वाटतो, आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश ऑफिसरच्या कमरेला हीच असायची म्हटल्यावर माणूस तिथेच पाघळतो आणि पाकीट काढतो. थांबा जरा.

सगळ्यात डेंजर चूक म्हणजे सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) घासलेला आहे की नाही ते न बघणं. झालं काय, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेले हे सरप्लस रिव्हॉल्व्हर ढिगाने अमेरिकेत आले पण त्यांचं .४५५ काडतूस तिकडे सहज मिळेना, आणि .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस मात्र गल्लोगल्ली, म्हणून व्यापाऱ्यांनी सिलिंडरची मागची बाजू मशीनवर घासून टाकली की हाफ मून क्लिपमध्ये (तीन काडतुसं धरणारी अर्धगोल पट्टी) एसीपी लावून बसवता यावं. बसतं, घोडा पडतो, गोळी सुटते, सगळं मस्त! पण एसीपीच्या प्रेशरची मर्यादा २१,००० पीएसआय आणि वेब्ली बनवलेली त्याच्या कितीतरी खालच्या प्रेशरसाठी. बसतं म्हणजे चालतं असं नाही हो. दहा वेळा काही होणार नाही, मग कधीतरी सिलिंडर तडकेल, आणि तेव्हा तो तुमच्या तोंडासमोर असेल. विक्रेता "फॅक्टरी एसीपी बिनधास्त चालतं" म्हणाला तर नाही म्हणा आणि पुढच्या टेबलाकडे सरका.

ओळखायचं कसं? डमी राऊंड (बारूद नसलेली खोटी काडतुसं) आणि क्लिप सोबत न्या, विचारून लावून बघा. क्लिपसकट एसीपी डमी आत जाऊन पिस्तूल नीट बंद झालं तर सिलिंडर घासलेला आहे. अशी घेऊ नका असं नाही, स्वस्त मिळते, फक्त तिच्यात .४५ ऑटो रिमच्या (एसीपीचाच, बुडाला कडा असलेला प्रकार) केसमध्ये, म्हणजे पितळी टरफलात, भरलेले हलके, शिशाच्या बुलेटचे लोड वापरा. भाव मात्र ओरिजिनलचा देऊ नका.

दुसरं, सगळ्या मार्क, म्हणजे वेब्लीची वेगवेगळी मॉडेल्स, एकच समजणं. मार्क १ आली १८८७ मध्ये, काळ्या बारूदच्या जमान्यात, आणि कॉर्डाइटसाठी, म्हणजे नंतरच्या बिनधुराच्या बारूदसाठी, सिलिंडर जाड केला तो थेट १९१३ च्या मार्क ५ मध्ये. मार्क ६ तर १९१५ ची. म्हणजे मार्क ६ ला झेपलेला लोड तुमच्या म्हाताऱ्या मार्क २ ला झेपेलच असं नाही. कागदोपत्रीही फरक पडतो, अमेरिकेच्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलीच अँटिक, मार्क ६ त्यात बसत नाही. तुमच्या राज्याचा कायदा वेगळा बघा.

बुलेटबद्दल तर लोक डोकंच लावत नाहीत. बऱ्याच वेब्लींमध्ये चेंबरचं, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाचं, तोंड नळीच्या आतल्या खाचांपेक्षा अरुंद असतं, म्हणून मूळची २६५ ग्रेनची बुलेट मऊ शिशाची आणि बुडाला पोकळ, मागून गॅसचा दाब आला की बूड फुगून खाचांना धरणारी. कडक कास्ट बुलेट घातली की ती फुगत नाही, नळीत शिसं चिकटतं आणि टार्गेटवर भोकं कुठेही. मग रिव्हॉल्व्हरला शिव्या! स्वतः रीलोड करत असाल, म्हणजे वापरलेल्या केस पुन्हा भरत असाल, तर एक लक्षात ठेवा, पावडर इतकी थोडी लागते की चुकून डबल चार्ज पडला तरी केस ओसंडत नाही, कळतच नाही. बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येक केसमध्ये बघाच.

रिकाम्या केस अडकतात ही कायमची तक्रार. हळूहळू, प्रेमाने उघडलं की एखादी केस एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ढकलणारा भाग) चांदणीखाली सरकते आणि मग ना उघडतं ना मिटतं. रिव्हॉल्व्हर थोडं आडवं करून एका दमात पूर्ण उघडा.

विकत घेताना पुन्हा ब्लूइंग (लोखंडावरचा निळा-काळा मुलामा) केलेली चकचकीत वेब्ली टाळा, मार्किंग घासून पुसट झालेलं असतं आणि कलेक्टर त्याला किंमत देत नाहीत. फ्रेम, नळी, सिलिंडर, तिन्हींचे नंबर जुळवा. ब्रिटिश सरकारी मालावरची बाणाची खूण नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका, ब्रिटिश ऑफिसर स्वतःच्या खिशातून रिव्हॉल्व्हर घ्यायचे. मग नळी मिटवून हलवून बघा, बिजागरी किंवा वरचा लॅच ढिला असेल तर चालवायचा विचार सोडा.

एक जाता जाता, कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनचं १९१७ चं मॉडेल मुळातच .४५ एसीपीसाठी आहे, तिथे प्रेशरचं टेन्शन नाही. पण सुरुवातीच्या कोल्टच्या चेंबरला आत पायरी नव्हती, क्लिपशिवाय टाकलंत तर राऊंड आत घसरतो आणि घोडा नुसताच आपटतो.

आता तिकडे पुण्या-साताऱ्यात आजोबांची वेब्ली कपाटात सापडली म्हणणाऱ्यांसाठी. भारतात .४५५ प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे प्रतिबंधित प्रकारात, मोडतं. शस्त्र कायद्यात दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या पुराण्या हत्यारांना सवलत आहे, पण तुमचं त्यात बसतं का हे घरबसल्या ठरवू नका, वकील गाठा, जिल्ह्याच्या परवाना शाखेत चौकशी करा. आणि डब्यात जुनी काडतुसं निघाली तर ती "चालतात का बघू" म्हणून शेतावर नेऊ नका, तीही त्याच चौकशीत सांगून टाका.