बुरशी आलेली प्लेट फेकण्याआधी

पेट्री प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या चपट्या झाकणाच्या बशीत, नको ती बुरशी उगवली की विद्यार्थी ती थेट कचऱ्यात टाकायला निघतात. मी त्यांना थांबवते. झाकण मात्र उघडायचं नाही, बुरशीचे बीजाणू (बियांसारखे सूक्ष्म कण) हवेत पसरतात. कडेने टेप लावा, प्लेट उलटी करून उजेडासमोर धरा.

जीवाणूंच्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे ठिपके) बुरशीला चिकटून वाढल्या असतील, तर विषय संपला. पण दूरच्या वसाहती ठसठशीत आणि बुरशीलगतच्या फिकट, विरघळल्यासारख्या दिसल्या, तर नीट बघा. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंगना स्टॅफिलोकॉकस या जीवाणूच्या प्लेटवर हेच दिसलं होतं, आणि त्यातूनच पेनिसिलिन हे बुरशीतून मिळणारं प्रतिजैविक सापडलं.

फोटो काढा. माध्यम (प्लेटमधलं जीवाणूंचं खाद्य), तापमान, तारीख लिहा, बुरशीभोवती वसाहती नसलेल्या मोकळ्या पट्ट्याची रुंदी मोजा. लगेच हुरळून जाऊ नका, बुरशीने सोडलेल्या आम्लामुळेही वाढ खुंटते. खात्रीसाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली, सेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर पसरू न देणाऱ्या बंदिस्त कपाटात), बुरशी नव्या प्लेटवर घ्या. आधी ती वाढू द्या, मग जीवाणूंची रेघ तिच्यापर्यंत ओढा. हा क्रम महत्त्वाचा, कारण पेनिसिलिनसारखं द्रव्य आधी तयार असावं लागतं; पेनिसिलिन वाढत्या जीवाणूंनाच मारतं. पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) बांधण्याचं त्यांचं काम ते अडवतं.

जुनी प्लेट १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) टाका.